‘ह्यांना हल्ली काही लक्षातच राहत नाही’

मध्य प्रदेशातील एका शहरातून एका भगिनीचे आठ पानी पत्र आले आहे. नाव-गाव छापू नये, अशी त्यांनी विनंती केली आहे. ती पाळणे आमचे कर्तव्यच आहे. परंतु पत्रातील प्रश्न एकट्या त्यांचा नसल्यामुळे या वेळचा सगळा स्तंभ त्यासाठीच ठेवला आहे.

पत्रातील हकिगत थोडक्यात अशी. यजमान एका घाऊक किराणा व्यापाऱ्याकडे हिशेब लिहितात. वय अठ्ठेचाळीस. बारा वर्षांपूर्वी त्यांना एचआयव्हीची लागण असल्याचे कळले. तेव्हापासून सरकारी एआरटी केंद्रातून त्यांना गोळ्या मिळतात. ताईंची त्या वेळी केलेली तपासणी निगेटिव्ह आली होती. ही गोष्ट नवरा-बायकोशिवाय घरात कुणालाच ठाऊक नाही. सासूबाईंना नाही, धाकट्या दिरांना नाही, कॉलेजात जाणाऱ्या मुलीलाही नाही. दहा-अकरा वर्षे सगळे सुरळीत चालले. गेल्या वर्षापासून मात्र यजमान बदलू लागले. जो माणूस खतावणीची बेरीज पेन्सिल न टेकवता करायचा, तो आता एकेका पानावर अर्धा तास अडतो. दुकानातून निरोप सांगितला तर घरी येईपर्यंत विसरतो. बोलता बोलता मध्येच थांबतो. हातातून पेला सुटतो. हसणे-बोलणे कमी झाले आहे, मुलीच्या निकालाचेही कौतुक वाटले नाही. सासूबाई म्हणतात, ‘बाहेरचं काहीतरी लागलंय.’ मालक म्हणतात, ‘मुनीमजी, आता घरी बसा.’ आणि दीर म्हणतात, ‘दादाचं डोकं चालत नाही, तर घराच्या कागदांवर आत्ताच सही घेऊन टाकू.’

पत्राच्या शेवटच्या पानावर ताईंनी लिहिले आहे, की दिवाळीची साफसफाई करताना कपाटाच्या मागे त्यांना गोळ्यांच्या दोन डब्या सापडल्या. दोन्हींचे सील जसेच्या तसे होते. त्यांनी विचारले आहे, ‘ह्यांना वेड लागते आहे का? आणि हे बरे होईल का?’

ताई, पहिल्या प्रश्नाचे उत्तर ‘नाही’ असे आहे. हे वेड नव्हे. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर बरेचसे आशादायक आहे, मात्र त्यासाठी वेळ दवडून चालणार नाही. तुम्ही पत्रात सगळ्यात शेवटी लिहिलेली त्या दोन डब्यांची गोष्टच सगळ्यात महत्त्वाची आहे. ती का, हे समजण्यासाठी आधी हा विषाणू मेंदूत काय करतो ते पाहू.

विषाणू मेंदूपर्यंत पोचतो कसा?

एचआयव्ही रक्तातील रोगप्रतिकारक पेशींवर हल्ला करतो, हे आता शाळकरी मुलांनाही माहीत आहे. तो मेंदूतही जातो, आणि फार लवकर जातो, हे मात्र पुष्कळांना ठाऊक नसते. थायलंडमध्ये नव्याने लागण झालेल्या रुग्णांचा अभ्यास झाला, तेव्हा लागणीनंतर अवघ्या आठव्या दिवशी एका रुग्णाच्या पाठीच्या कण्यातील पाण्यात हा विषाणू सापडला होता.

मेंदूभोवती निसर्गाने एक प्रकारची गाळणी बसवलेली असते. रक्तातील सरसकट सगळ्या गोष्टींना ती आत सोडत नाही. परंतु काही पांढऱ्या पेशींना आत जाण्याची मुभा असते, कारण त्या मेंदूच्या पहारेकरी असतात. एचआयव्ही नेमका या पहारेकऱ्यांच्या पोटात दडून आत शिरतो. आत गेल्यावर तो मेंदूतील कायमच्या रक्षक पेशींत ठाण मांडतो. विचार करणाऱ्या, आठवण ठेवणाऱ्या ज्या खऱ्या मज्जापेशी, त्यांना तो सहसा स्पर्शही करत नाही. पण लागण झालेल्या रक्षक पेशी जी रसायने सोडतात, त्यांनी आणि विषाणूच्या स्वतःच्या काही प्रथिनांनी मज्जापेशींना इजा होते. शेजारच्या घरात चूल धुमसत राहावी आणि आपल्या भिंती काळ्या व्हाव्यात, तसा हा प्रकार आहे.

ही धग मेंदूच्या आतील खोल भागात जास्त जाणवते. हालचालींचा वेग, कामाचा क्रम आणि लक्ष यांच्याशी त्या भागाचा फार जवळचा संबंध आहे. म्हणूनच या आजाराची लक्षणे म्हातारपणातील स्मृतिभ्रंशापेक्षा वेगळी दिसतात. अल्झायमरचा रुग्ण नातवाचे नाव विसरतो, ओळखीच्या गल्लीत हरवतो. एचआयव्हीच्या रुग्णाला माणसे ओळखू येतात, घरही सापडते. पण त्याचा मेंदू संथ होतो. एका वेळी दोन गोष्टी सांभाळता येत नाहीत. ऐकलेले लगेच हाती लागत नाही. थोडी खूण दिली तर आठवते. कामाला हात घालण्याची उमेद राहत नाही. बोटे जड होतात, अक्षर बिघडते, चालण्याचा तोल जातो. ताई, तुम्ही लिहिलेली लक्षणे याच जातीची आहेत. अडलेली बेरीज, सुटलेला पेला आणि मुलीच्या निकालाचे न वाटलेले कौतुक, या तिन्हींमागे एकच कारण असू शकते.

हे किती जणांना होते?

अमेरिकेतील ब्रॅडफर्ड नाविया आणि रिचर्ड प्राइस या डॉक्टरांनी १९८६ साली या विकाराचे सविस्तर वर्णन केले. त्याच वर्षी चेन्नईत भारतातील पहिल्या एचआयव्हीबाधितांचे निदान झाले होते. तेव्हा परिणामकारक औषध हाती नव्हते. आजार पुढच्या टप्प्यात गेलेल्या शंभर रुग्णांपैकी पंधरा-वीस जणांची बुद्धी पुरती मंदावत असे, आणि त्यानंतर ते फार महिने जगत नसत.

१९९६ पासून तीन औषधे एकत्र देण्याची पद्धत रूढ झाली आणि चित्र पालटले. भारतात १ एप्रिल २००४ पासून सरकारने ही औषधे मोफत द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून तर निदान होताच, रक्तातील सीडी-४ पेशी कितीही असोत, गोळ्या सुरू करतात. त्यामुळे पूर्वीसारखा गंभीर स्मृतिभ्रंश आता क्वचितच दिसतो. अमेरिकेत सहा केंद्रांतील १,५५५ रुग्णांची पाहणी २०१० साली प्रसिद्ध झाली. तीत गंभीर स्मृतिभ्रंश फक्त शंभरात दोघांना होता. मात्र दैनंदिन कामात थोडीफार अडचण येणारे शंभरात बारा होते, आणि स्वतःला काहीच जाणवत नाही पण कसोट्यांत कमी पडतात असे तेहतीस जण होते.

हा तेहतिसाचा आकडा वाचून घाबरू नये. त्या कसोट्यांची चाळण फार बारीक आहे, निरोगी माणसेही तीत अडकतात, असा आक्षेप पुढे अनेक तज्ज्ञांनी घेतला. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञांच्या गटाने सुचवले, की केवळ कसोटीतील गुणांवरून कुणावर शिक्का मारू नये. रुग्णाला प्रत्यक्ष त्रास आहे का आणि त्याला दुसरे काही कारण आहे का, हेही पाहावे. ही सूचना आपण सर्वांनीच लक्षात ठेवावी. एचआयव्ही आहे म्हणून प्रत्येकाची बुद्धी मंदावतेच असे अजिबात नाही. नियमित गोळ्या घेणारी लाखो माणसे आज नोकऱ्या करतात, वाहने चालवतात, मुलांचे अभ्यास घेतात.

आपल्या देशात बहुतांश रुग्णांत या विषाणूचा ‘सी’ नावाचा उपप्रकार आढळतो. त्याच्या एका प्रथिनात थोडा फरक असल्यामुळे तो मेंदूला कमी इजा करत असावा, असे बंगलोरच्या संशोधकांनी २००४ साली मांडले होते. तेथील निम्हान्स या प्रसिद्ध संस्थेतील डॉक्टरांनी शेकडो रुग्णांची माहिती गोळा केली होती. तीतही गंभीर स्मृतिभ्रंश कमी आणि मेंदूतील इतर जंतुसंसर्ग अधिक, असे दिसले. तरीसुद्धा पुढे बारकाईने कसोट्या घेतल्यावर आपल्याकडच्या रुग्णांतही सौम्य दोष सापडले. तेव्हा ‘आपल्याकडे हे होतच नाही’ असे म्हणून गप्प बसता येणार नाही.

आधी बाकीचे चोर शोधा

एचआयव्ही असलेल्या माणसाला विसरायला होऊ लागले, की सगळा दोष एचआयव्हीच्या माथी मारण्याचा मोह होतो. ते धोक्याचे असते, कारण लवकर बरी होणारी किंवा तातडीने उपचार लागणारी कारणे त्यात नजरेआड होतात.

निम्हान्सच्या अनुभवाचा उल्लेख वर केलाच आहे. सीडी-४ पेशी खूप कमी झाल्या, की मेंदूच्या आवरणाला क्षयाची किंवा क्रिप्टोकॉकस या बुरशीची बाधा होऊ शकते. ही बुरशी मातीत आणि कबुतरांच्या विष्ठेत असते, आणि श्वासावाटे शरीरात जाते. टॉक्सोप्लाझ्मा या जंतूमुळे मेंदूत गाठीसारखी सूज येते. म्हणून पुढीलपैकी एक जरी लक्षण दिसले, तर स्तंभ वाचत बसू नका, त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा: काही दिवस सतत वाढत जाणारी डोकेदुखी, ताप, उलट्या, मान आखडणे, एकाचे दोन दिसणे, झटका येणे, एका बाजूचा हात-पाय लुळा पडणे, बरळणे किंवा गुंगी. या आजारांवर औषधे आहेत, पण ती वेळेत पोटात आणि शिरेत जायला हवीत.

दुसरा चोर म्हणजे उदासीनता, ज्याला डॉक्टर डिप्रेशन म्हणतात. बारा वर्षे एक गुपित उराशी धरून जगणाऱ्या माणसाला ती आली, तर नवल नाही. तिच्यातही माणूस संथ होतो, विसरतो, कशातच रमत नाही. तिच्यावर चांगली औषधे आहेत. याशिवाय थायरॉइडची कमतरता, ब-१२ जीवनसत्त्वाची कमतरता, मधुमेह, रक्तदाब, दारू, झोपेच्या गोळ्या आणि उपचार न झालेला सिफिलिस, यांपैकी कुणीही स्मरणशक्तीवर हल्ला करू शकतो. एचआयव्ही असलेली माणसे आता साठी-सत्तरी गाठत आहेत, ही आनंदाचीच गोष्ट आहे. पण त्यामुळे इतरांना होणारे उतारवयाचे आजार त्यांनाही होणारच. यातील बहुतेक गोष्टी साध्या रक्ततपासणीत कळतात.

तपासणी कशी होते?

पुष्कळांना वाटते, की मेंदूची तपासणी म्हणजे विजेचे झटके नाहीतर मोठे यंत्र. सुरुवात त्याहून फार साधी असते. नेड सॅक्टर या डॉक्टरांच्या गटाने २००५ साली एक छोटी चाचणी तयार केली. तिला अक्षरओळखही लागत नाही, म्हणून ती आपल्यासारख्या देशात उपयोगी पडते. रुग्णाला चार साधे शब्द सांगतात. मग अंगठा व तर्जनी पाच सेकंद शक्य तितक्या वेगाने उघडमीट करायला सांगतात. नंतर हाताची मूठ, पालथा पंजा आणि उभा पंजा असा क्रम दहा सेकंद करवून घेतात. शेवटी ते चार शब्द आठवायला लावतात. एकूण बारा गुण. दहा किंवा त्याहून कमी गुण पडले तर पुढे सविस्तर तपासणी करायची. एवढ्यावरून निदान होत नाही. तेव्हा ही परीक्षा घरी घेऊन ‘नापास’ असा निकाल लावू नये.

त्यानंतर रक्तातील विषाणूंची संख्या, म्हणजे व्हायरल लोड, आणि सीडी-४ पेशी पाहतात. एआरटी केंद्रात या तपासण्या मोफत होतात. गरज वाटली तर मेंदूचा एमआरआय काढतात आणि पाठीतून थोडे पाणी काढून तपासतात. पाठीतून पाणी काढले की माणूस पांगळा होतो, ही समजूत निव्वळ खोटी आहे. कुशल हातांनी केलेली ही तपासणी सुरक्षित असते. काहींचे नंतर काही दिवस डोके दुखते. तिला नकार देऊ नका, कारण क्षय किंवा बुरशी लपली असेल तर ती येथेच पकडली जाते.

त्या दोन डब्यांची गोष्ट

आता कपाटामागच्या डब्यांकडे वळू. एका डबीत सहसा तीस गोळ्या असतात. दोन न उघडलेल्या डब्या म्हणजे निदान दोन महिने औषध पोटात गेलेले नाही. यजमान खोटे बोलले, असे तुम्हाला वाटले असेल, आणि त्याचा तुम्हाला फार राग आला आहे, हे पत्रावरून दिसते. पण ताई, जरा निराळा विचार करून पाहा. हा आजार ज्या गोष्टींवर घाला घालतो, नेमक्या त्याच गोष्टी रोज गोळी घेण्यासाठी लागतात: वेळेची आठवण, क्रम आणि उमेद. मेंदू मंदावला की गोळी राहते. गोळी राहिली की विषाणू वाढतो. विषाणू वाढला की मेंदू आणखी मंदावतो. आधी काय घडले, गोळ्या चुकल्या की विसर पडू लागला, हे तपासणीनंतर डॉक्टर सांगतील. पण चक्र कोठूनही सुरू झालेले असो, ते तोडायचे गोळीपाशीच. केंद्रातून डबी आणून ती न उघडता ठेवून देणारा माणूस बहुधा लबाड नसतो. तो हरवलेला असतो.

म्हणून पहिले काम म्हणजे त्या दोन्ही डब्या पिशवीत घालून यजमानांबरोबर एआरटी केंद्रात जाणे. लपवू नका. ‘रागावतील’ म्हणून ‘रोज घेतात’ असे सांगितले, तर डॉक्टर भलत्याच दिशेला शोध घेत बसतील. गोळ्या नियमित चालू असताना विषाणू वाढला, तर औषध निकामी झाले असे समजून ते बदलावे लागते. गोळ्या चुकल्याने वाढला असेल, तर तीच औषधे नीट घेऊन पुष्कळदा काम भागते. खरे सांगितल्याने रुग्णाचेच हित होते. गोळ्या बरेच दिवस थांबल्या असतील, तर आपल्या मनाने पुन्हा सुरू करण्याआधी केंद्रातील डॉक्टरांना विचारा. मेंदूत एखादा जंतुसंसर्ग दडलेला असेल, तर आधी त्यावर उपचार करावे लागतात.

ताईंनी आणखी एक शंका विचारली आहे: हे सगळे गोळ्यांमुळेच तर होत नाही ना? शंका अगदीच निराधार नाही. पूर्वीच्या एकत्रित गोळीत एफाविरेन्झ नावाचे औषध असायचे. त्याने काहींना चक्कर येई, चित्रविचित्र स्वप्ने पडत, क्वचित उदासही वाटे. म्हणूनच ती गोळी रात्री झोपताना घ्यायला सांगत. २०१९ साली जागतिक आरोग्य संघटनेने त्याऐवजी डोल्युटेग्राविर या औषधाला पहिली पसंती दिली आणि आपल्या सरकारी कार्यक्रमातही पुढे तेच आले. त्यानेही काहींची झोप उडते. तसे झाले तर ते सकाळी घेता येते. त्याहून जुने स्टाव्ह्युडीन पायांच्या नसांना इजा करी. त्याचा वापर हळूहळू बंद करावा, असे संघटनेने २००९ मध्येच सांगितले होते. आज कुणाच्या पायांत जळजळ, मुंग्या किंवा बधिरपणा असेल, तर तो विषाणूमुळे, मधुमेहामुळे, ब-१२ च्या कमतरतेमुळे किंवा क्षयाच्या औषधामुळेही असू शकतो. तोही त्रास डॉक्टरांना जरूर सांगावा. पण कोणतेही औषध आपल्या मनाने बंद करू नये. औषधाचा त्रास बदल करून टाळता येतो. मोकाट सुटलेला विषाणू मात्र कुणाचे ऐकत नाही.

एक अपवाद सांगायला हवा. थोड्या रुग्णांत असे होते, की रक्तात विषाणू जवळजवळ नाहीसा झालेला असतो, पण मेंदूभोवतीच्या पाण्यात तो वाढत असतो. पुण्यातील डॉक्टरांनीही असे रुग्ण पाहिले आहेत. म्हणून रक्ताचा अहवाल उत्तम असूनही विसरणे, तोल जाणे वाढतच असेल, तर ‘अहवाल चांगला आहे ना’ म्हणून गप्प न बसता मेंदूविकारतज्ज्ञांकडे पाठवण्याचा आग्रह धरा. मेंदूत अधिक चांगली पोचणारी औषधे दिल्यावर यांतील बरेच रुग्ण सुधारतात.

बरे होईल का?

योग्य औषधे नियमित सुरू झाली, की मेंदूतील धग निवत जाते. सुधारणा आठवड्यांत नव्हे, तर महिन्यांत मोजायची असते. काहींची बुद्धी पूर्ववत चालू लागते, काहींना थोडा संथपणा राहतो. जितका लवकर उपचार तितका लाभ अधिक. दोन महिन्यांनी फरक दिसला नाही म्हणून देवऋषी, बुवा किंवा ‘एड्सवर रामबाण’ अशा जाहिरातींच्या मागे लागू नका. त्या वाटेने गेलेले अनेक जण गोळ्या सोडून बसतात.

घरी करण्यासारखे पुष्कळ आहे. गोळी रोजच्या न चुकणाऱ्या कामाला जोडा, जसे सकाळचा चहा किंवा देवाला दिवा लावणे. सात खणांची छोटी डबी औषधाच्या दुकानात मिळते. दर रविवारी ती दोघांनी मिळून भरा. मोबाइलमध्ये गजर लावा. भिंतीवरच्या कालनिर्णयावर गोळी घेतली की एक टिंब करायला त्यांनाच सांगा. पाहुण्यांना त्याचा अर्थ कळणार नाही. निरोप एका वेळी एकच सांगा आणि चिठ्ठीवर लिहून द्या. किल्ली, चष्मा, पाकीट यांची जागा ठरवून टाका. रोज पाऊण तास दोघे मिळून चाला. दारू असेल तर बंद. रात्रीची झोप पुरी. आणि चार माणसांत ‘अहो, आत्ताच तर सांगितलं’ असे म्हणणे टाळा. त्यांना आपला विसरभोळेपणा कळतो आणि त्याची लाज वाटते, म्हणून तर ते बोलेनासे झाले आहेत.

काही दिवस स्कूटर चालवणे आणि रोख रकमेचे व्यवहार एकट्याने करणे टाळलेले बरे. त्यांच्या हिशेबाच्या कामातही रोजमेळ दुसऱ्या कुणाकडून पडताळून घेण्याची व्यवस्था मालकांना सांगता येईल. ‘नसांच्या आजारावर उपचार चालू आहेत’ एवढे सांगणे पुरे. त्यात खोटेही काही नाही.

सही, नोकरी आणि तुम्ही स्वतः

आता दिरांच्या कागदांविषयी. कोणत्याही करारावर सही करणाऱ्याला त्यातला अर्थ आणि आपला फायदा-तोटा समजत असला पाहिजे, असे कायदा सांगतो. ज्याचे डोके चालत नाही म्हणून सही घ्यायची, त्याच सहीला मग किंमत काय? तेव्हा ‘तपासणी आणि उपचार पुरे होईपर्यंत कोणत्याही कागदावर सही नाही’ असे शांतपणे, पण ठामपणे सांगा. जिल्हा न्यायालयातील विधी सेवा प्राधिकरणाकडे स्त्रियांना, उत्पन्न कितीही असो, वकिलाची मदत मोफत मिळते.

एचआयव्हीबाधितांसाठी २०१७ साली स्वतंत्र कायदा झाला आणि तो १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. एचआयव्ही आहे म्हणून नोकरी, उपचार, शिक्षण किंवा राहते घर यांबाबत भेदभाव करायला त्याने मनाई केली आहे. रुग्णाच्या संमतीशिवाय ही गोष्ट उघड करण्यालाही त्याने आळा घातला आहे. पण घरच्या डॉक्टरांना, ज्यांच्याकडे तुम्ही सर्दी-तापाला जाता, हे सांगून टाका. ठाऊकच नसेल, तर ते स्मरणशक्तीचे टॉनिक लिहून देतील आणि मौल्यवान महिने वाया जातील.

आणि ताई, तुम्ही पत्रात स्वतःविषयी एक ओळही लिहिली नाही, म्हणून मीच लिहितो. ज्याच्या रक्तातील विषाणू औषधाने पूर्ण दबला आहे, त्याच्याकडून जोडीदाराला शरीरसंबंधातून लागण होत नाही, हे आता सिद्ध झाले आहे. पण ही हमी गोळी रोज घेणाऱ्यापुरतीच आहे. दोन डब्या बंद राहिल्या, त्या काळात ती हमी राहिलेली नाही. तेव्हा यजमानांचा विषाणू पुन्हा दबल्याचा अहवाल हाती येईपर्यंत निरोध वापरा, आणि तुमची स्वतःची तपासणीही सरकारी रुग्णालयातील केंद्रात याच आठवड्यात करून घ्या. ती मोफत असते आणि गुप्त ठेवली जाते. तीन महिन्यांनी ती पुन्हा करा. मनात शंका असेल तर १०९७ या मोफत क्रमांकावर नाव न सांगताही विचारता येते.

वाचकहो, २०२३ च्या सरकारी अंदाजानुसार आपल्या देशात सुमारे पंचवीस लाख माणसे एचआयव्हीसह जगत आहेत, आणि त्यांच्या संख्येत महाराष्ट्र सर्वांत पुढे आहे. त्यांपैकी कुणी आपल्या इमारतीत असेल, कुणी आपल्याच दुकानात हिशेब लिहीत असेल. एखादा हुशार माणूस अचानक संथ झाला, तर ‘डोकं फिरलं’ म्हणण्याआधी त्याला डॉक्टरांकडे जायला सांगावे, एवढे तर आपण नक्कीच करू शकतो.

आणि ताई, पुढच्या महिन्यात केंद्रात जाल तेव्हा त्यांना एकटे पाठवू नका. बारा वर्षे ते एकटेच तिथल्या रांगेत उभे राहत आले आहेत, असे तुम्ही लिहिले आहे. या वेळी शेजारी तुम्ही उभ्या राहा. काय निघाले ते आम्हाला जरूर कळवा.